कुमाईत रंगाची लोकर

म्हैसुरात थंडी कुठं असते, असं म्हणून माझ्या सुना मला चिडवतात. खोटं नाही. धनुर्मासात पहाटे चार दिवस दात वाजतात, आणि देवळातला गरम पोंगल पोटात गेला की तीही थंडी पळते. बाकी वर्षभर घरातली लोकर पेटीत डांबरगोळ्यांच्या सोबतीने पडून राहते. तरीही पेठेतून जाताना लोकरीच्या दुकानापाशी माझे पाय रेंगाळतात आणि घरी येताना पिशवीत एखादी लड असतेच. सुनांना वाटतं, म्हातारीला खूळ लागलंय. लागलंय खरं, पण ते आजचं नाही. ते मला माझ्या वडिलांनी, अप्पांनी लावलं, आणि ते महाराजांच्या रिसाल्यात घोडेस्वार होते.

आम्ही मराठे शिपाईगडी. आमचे कोणी पूर्वज घोड्यावर बसून इकडे आले आणि परत जायचं विसरले, असं अप्पा सांगत. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि घोड्याशी हिंदुस्थानी, अशी आमच्याकडे भाषांची वाटणी होती. लहानपणी अप्पांना घरात निवांत बसलेलं मी फारसं पाहिलं नव्हतं. मग ती सातासमुद्रापलीकडची मोठी लढाई झाली, रिसाला मिसर देशात, म्हणजे इजिप्तात गेला, आणि अप्पा परत आले ते डावा हात मिटवून. मनगटातून गोळी गेली होती. जखम भरली होती, पण बोटं तळव्याकडे वळून घट्ट बसली होती, ती काही केल्या उघडेनात.

स्वाराचा डावा हात म्हणजे लगामाचा हात. लगामाचे चारही पट्टे त्या एका हातात येतात, प्रत्येक पट्टा वेगळ्या बोटांमधून जातो, आणि घोड्याशी सगळं बोलणं त्या बोटांतून चालतं. बोटंच मिटली तर बोलणार काय? अप्पांचे रिसालदार म्हातारे होते. अप्पांना घोड्यावर बसायला त्यांनीच शिकवलं होतं. त्यांनी सांगितलं, "दसऱ्यापर्यंत थांबतो. हात उघडला तर घोडा देतो. न्हाई उघडला तर गवताच्या कोठारावर बस." कोठारावरचं काम काही वाईट नव्हतं, सावलीतलं होतं. पण ते ऐकल्यापासून अप्पांना जेवण जाईना. आमच्या घरात तेव्हापासून गवत हा शब्द कोणी काढत नसे. दूधवाली दारात येऊन गवत महागलं म्हणाली तरी आई तिला खुणेने गप्प करायची.

अशात एक दिवस आईने अप्पांची लढाईवरून आलेली पेटी उन्हात रिकामी केली. तळाशी तिला चार सुया आणि राखी लोकरीचा अर्धा पायमोजा सापडला. तिने तो दोन बोटांत उचलून धरला आणि विचारलं, "हे कुणाचं?" तिच्या आवाजात काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही, आता चांगलं कळतं. अप्पा एवढे मोठे घोडेस्वार, पण लाजले. म्हणाले, "माझंच हाय ते."

मिसरातल्या इस्पितळात एक गोरी नर्स होती, अप्पा तिला मड्डम म्हणत. हाताला दुखापत झालेल्या शिपायांना ती विणायला बसवायची. "तिनं धागा उजव्या हातात दिलता," अप्पांनी सांगितलं. "मी म्हटलं, बाई, लगाम डाव्या हातात असतो. तिला कळलं न्हाई. मग मी आपला डाव्याच हातात घेतला." धागा ते करंगळीखालून घेत, मधल्या बोटांतून वर काढत आणि तर्जनीवरून सुईकडे सोडत, अगदी लगाम धरावा तसा. मिटलेल्या बोटांत तो अडकायचा, आणि सोडवायचा तर बोट हलवावंच लागायचं. तिथे असताना तर्जनी जराशी सुटली होती. पण पुढे जहाजात भोवती सगळे सोबती, त्यामुळे सुया पेटीच्या तळाशी गेल्या त्या गेल्याच.

आईने सुया पदराने पुसल्या. मग म्हणाली, "मग इथं कोण अडवतंय?"

अडवत होती ती मिशी. अप्पांची मिशी सगळ्या लायनीत, म्हणजे शिपायांच्या वस्तीत नावाजलेली, आणि आमचं घर त्या लायनींना लागूनच. असला गडी घरात बसून मोजे विणतो हे एकाला कळलं असतं तरी साऱ्या रिसाल्याने हसून हसून त्यांना जगणं नको केलं असतं. यावर आईनेच तोड काढली. त्या वर्षी मी मुलींच्या शाळेत जात होते आणि शाळेत विणकाम शिकवत. लोकर आणायची माझ्या नावाने, सुया माझ्या, काम माझं, फक्त विणायचं अप्पांनी. मी विणकामात ठार ढ आहे, ही गोष्ट या बेतात कोणी धरलीच नाही.

अशा रीतीने अप्पांबरोबर लोकर आणायला जाणं माझ्या वाट्याला आलं. त्या फेऱ्यांएवढी मजा मला पुढे कशातच आली नाही, लग्नाच्या शालू-खरेदीतसुद्धा नाही. सकाळी वेणी-फणी करून आम्ही निघायचो. मार्केटातल्या मोगऱ्याच्या ढिगांमधून, विड्याच्या पानांच्या चळतींवरून पुढे गेलं की अग्रहाराच्या, म्हणजे ब्राह्मण आळीच्या अंगाला एका गल्लीत ते दुकान होतं. बाहेरून बघावं तर काही नाही, गुंड्या, रिबिनी, सुया. आत मात्र मागच्या भिंतीला फडताळ, आणि फडताळात निळ्या कागदात गुंडाळलेल्या विलायती लोकरीच्या लड्या. दुकानदार एकेक पुडकं काढायचा, दोरा सोडायचा, कागद उलगडायचा, आणि त्या अंधाऱ्या जागेत एकदम काहीतरी लाल, काहीतरी हळदी उगवायचं. डांबरगोळ्यांचा, कोऱ्या कागदाचा आणि थोडासा मेंढीचा असा वास सुटायचा. मला तो वास अजूनही कुठल्याही अत्तराहून आवडतो. हसायचं त्याने हसावं.

दुकानदार कानडी, गंभीर चेहऱ्याचा, कपाळावर उभं नाम. तो मलाच विचारायचा, "एनु बेकम्मा?" काय हवं बाई, म्हणून. मी अप्पांकडे बघायची. अप्पा छताकडे बघत. मग मी पढवल्याप्रमाणे सांगायची, "उल्लन." उल्लन म्हणजे लोकर. यापुढे माझी गाडी अडायची. जाड की बारीक, किती, कशासाठी, मला कशाचाच पत्ता नसे. तोवर अप्पांचा हात पुढे झालेला असायचा. घोडा पारखताना मानेवरून फिरवावा तसा ते लडीवरून हात फिरवत, मग उलट्या बाजूने फिरवत, नाकाशी नेत, एखादा धागा ओढून बघत. रंगांची नावं त्यांना घोड्यांचीच येत. तांबूस तपकिरी लोकर निघाली की म्हणत, "ही बघ कुमाईत." काळीभोर निघाली की मुश्की. काळ्या-पांढऱ्या धाग्यांना एकत्र पीळ दिलेली ती अबलख. दुकानदार ऐकून ऐकून बेजार झाला. शेवटी त्याने एकदा विचारलंच, हा कुमाईत रंग म्हणजे नक्की कुठला? अप्पांनी त्याला पायरीपाशी आणलं आणि रस्त्यात उभ्या असलेल्या झटक्याच्या, म्हणजे इथल्या टांग्याच्या घोड्याकडे बोट केलं. त्याने तो घोडा नीट पाहून घेतला. पुढच्या खेपेला आम्ही पायरी चढतो न चढतो तोच तो म्हणाला, "होस कुमाईत बंदिदे." नवी कुमाईत आली आहे.

खरा प्रकार त्याला पहिल्याच दिवशी उमगला असणार. शाळकरी पोरीच्या लोकरीसाठी एवढी मोठी मिशी घटकाभर दुकानात उभी राहत नाही. पण त्याने चेहऱ्यावर कधी दाखवलं नाही. पुडकं बांधून तो माझ्याच हातात द्यायचा आणि अप्पांना ऐकू जाईल अशा बेताने मला कन्नडमध्ये सांगायचा, "टाच विणताना धागा दुहेरी घे, अम्मा. लवकर झिजत नाही." अप्पा छताकडे बघत मान डोलवायचे.

घरी आलं की दाराला कडी. मी दोन्ही हात पुढे धरून बसायची, हातांवर लड चढवलेली, आणि समोर अप्पा तिचा गुंडा करायचे. माझे दंड भरून यायचे, नेमकं तेव्हाच नाक खाजायचं, आणि नेमकं तेव्हाच अप्पांना मिसरातली गंमत आठवायची. तिथे पहिल्यांदा उंट दिसले तेव्हा रिसाल्याचे घोडे कसे बिथरले, आणि त्यातल्या एकाने बड्या साहेबाला पाडून उंटाच्या पायाशी कसं बसवलं, ते सांगायला लागले की मी हसायची, लड हलायची, गुंता व्हायचा. "उभी राहा की गे. शेपूट हलवू नको," असं ते मी घोडा असल्यासारखं म्हणत. आई शेजारी शेंगा सोलत बसायची. लढाईहून आल्यापासून अप्पा हसले ते पहिल्यांदा त्या लडीपलीकडून, हे मला पक्कं आठवतं.

पहिला मोजा पुरा झाला तो एक चमत्कारच होता. बंडखोर घोड्याला आवरावं तसा अप्पांनी धागा ओढून धरलेला. मोजा जमिनीवर ठेवला तर तो स्वतःच्या बळावर उभा राहिला. आईने पाय घालून पाहिला, बोटांच्या पुढे जाईना. ती म्हणाली, "ह्यात पाय न्हाई, भाला ठेवा." अप्पा रागावले, दुसऱ्या दिवशी सगळा मोजा उसवला, आणि हात सैल सोडून परत सुरुवात केली. दुसरी अडचण गाठींची. नवा धागा जोडायचा तर अप्पा घोडा खुंट्याला बांधायची गाठ मारत. ओढावं तशी ती आवळत जायची. दुसरी गाठ त्यांना येतच नव्हती, आणि शिकायची इच्छाही दिसत नव्हती.

एकदा समोरच्या काकूंनी दार वाजवलं. अप्पांनी विणकाम माझ्या मांडीवर टाकलं आणि मिशीला पीळ देत खिडकीशी जाऊन उभे राहिले. काकूंनी ते उचलून पाहिलं आणि गालावर हात ठेवला. "अय्यो, केवढीशी पोर आणि काय हात हाय हिचा. माझ्या लेकीला दिवस गेलेत, बाळाला टोपडं करून देतीस का?" मी अप्पांकडे पाहिलं. त्यांनी डोळ्यांनी होकार दिला. टोपडं झालं झकास, पण शेवटी माथ्यावर धागा बंद करताना त्यांनी तीच खुंट्याची गाठ मारली. टोपड्यावर हे एवढं टेंगूळ आलं. आता काकू काय म्हणतील या भीतीने मी ते दिलं, तर काकू म्हणाल्या, "वरचा गेंद काय सुरेख काढलाय." मग काय, आसपासच्या सगळ्या लेकुरवाळ्या गेंदाचं टोपडं मागायला लागल्या. थोड्याच दिवसांत आमच्या आळीतली झाडून सगळी तान्ही मुलं डोक्यावर रिसाल्याची गाठ मिरवू लागली. शाबासकी मला मिळत होती आणि मिशी अप्पांची फुलत होती.

माझी कीर्ती शाळेत पोचली तेव्हा मात्र पंचाईत झाली. बाईंनी सगळ्या वर्गासमोर विणायला बसवलं तर काय करणार? मग अप्पांनी मला खरोखरच शिकवलं. सुलट, उलट, सुलट, उलट, आणि मध्येच "लगाम ढिला पडलाय" असा दम. बाईंनी पाहिलं तेव्हा त्या म्हणाल्या, धागा चुकीच्या हातात धरलास. मी अजून त्याच हातात धरते.

गौरी-गणपतीच्या सुमारास अप्पांचं मधलं बोट उघडलं. मग अनामिकाही हलायला लागली. करंगळी तेवढी अडून बसली होती. सकाळी अंगणात अप्पा माझ्या खांद्यांवरून पट्टे घालून लगाम धरायचे आणि मी घोडा व्हायची. मी चांगला घोडा नव्हते. कोंबडी दिसली की बुजायची, मान झटकायची, कधी नुसतीच खिंकाळत उभी राहायची. अप्पा हसत, पण करंगळीतला पट्टा निसटला की त्यांचा चेहरा उतरायचा. आई त्यांना वाढताना ताटाकडे कमी आणि त्या बोटाकडे जास्त बघायची. दसरा तोंडावर आला होता.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी, म्हैसुरात तिला आयुधपूजा म्हणतात. ज्याच्यावर घर चालतं ते त्या दिवशी पाटावर मांडायचं, हळद-कुंकू लावायचं, झेंडू वाहायचा, आणि दुसऱ्या दिवशी पूजा उचलेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. सुतार करवत मांडतो, शिंपी कात्री. आमच्या पाटावर तलवार, खोगीर आणि लगाम असे. त्या वर्षी आईने हे सगळं मांडलं, मग आत गेली आणि अर्ध्या मोज्यासकट सुया घेऊन आली. त्या तिने तलवारीला लावून ठेवल्या.

अप्पा दचकले. "ते कशाला तिथं? रिसालदारसाहेब येणार हायेत."

"येऊ देत," आई म्हणाली. "ह्यांनी बोटं उघडली. ह्यांना कोपऱ्यात टाकून मी पूजा करायची न्हाई." आणि बोलता बोलता तिने सुयांना कुंकू लावूनही टाकलं. आता त्या उचलायची सोय राहिली नाही.

लायनीतली पूजा आटोपून रिसालदार चार सोबत्यांना घेऊन आले. पाटासमोर त्यांनी हात जोडले आणि जोडलेले हात तसेच ठेवून विचारलं, "ह्या सुया कुणाच्या?" मला पढवलेलं उत्तर होतं. मी तोंड उघडणार, एवढ्यात अप्पा म्हणाले, "माझ्या, साहेब." सोबत्यांपैकी एकजण मिशीत हसला. अप्पांचे कान लाल झाले, पण ते थांबले नाहीत. मड्डम, मोजे, धागा, सगळं त्यांनी उभ्याउभ्या सांगून टाकलं.

रिसालदार हसले नाहीत. "हात बघू," म्हणाले. त्यांनी एकेक बोट उघडून, मिटून पाहिलं. करंगळीपाशी थांबले. "लगाम घे हातात. उद्या पहाटे घोडे वाटायचे हायेत, मला आजच ठरवायला पाहिजे." पण लगाम पूजेत. त्याला शिवायचं कसं? एवढे महिने ज्याच्यासाठी काढले ते आता कुंकवापायी अडणार, आणि उद्या अप्पा कोठारात, असं मला दिसायला लागलं. मी आत धावले आणि कुमाईत लोकरीची कोरी लड आणली. तिला अजून सुई लागली नव्हती, म्हणून ती पूजेत नव्हती.

अप्पांनी चार लांब धागे तोडले आणि डाव्या बोटांतून ओवून घेतले. दुसरी टोकं रिसालदारांनी धरली आणि ते दारापर्यंत मागे गेले. "मी घोडा," ते म्हणाले. मग त्या म्हाताऱ्याने जे काही केलं ते बघून मला माझ्या घोडेपणाची लाज वाटली. त्यांनी मान झटकली, बाजूला फेकल्यासारखे सरकले, खाली वाकले, अंगावर धावून आले, आणि मध्येच सगळा जोर लावून हिसका दिला. धागे ताणले जात होते, पण तुटत नव्हते, आणि सैलही पडत नव्हते. अप्पांचा हात हिसक्याबरोबर पुढे जायचा आणि हळूच मागे यायचा. एकदा करंगळीतला धागा निसटला, तो त्यांनी अनामिकेत झेलला. मघाशी हसलेला सोबती आता पुढे येऊन डोळे फाडून बघत होता.

रिसालदारांनी टोकं सोडली आणि दम घेत ओट्यावर बसले. "लढाईवरचा, भाल्याचा घोडा तुला देता येत न्हाई," ते म्हणाले. "करंगळी दगा देईल." अप्पांची मान खाली गेली. आईने पदर तोंडाशी धरला. "पण नव्या घोड्यांना शिकवायला मी कधीचा हात शोधतोय. सगळे नुसते ओढतात, जनावराचं तोंड फाडून ठेवतात. लोकर तुटू न देणारा हात मला कुठं मिळणार? उद्या मिरवणुकीत ये. परवापासून नवे घोडे तुझ्याकडे."

अप्पा वाकून रिसालदारांच्या पाया पडले आणि बराच वेळ उठलेच नाहीत. मी मात्र सगळ्यांसमोर उड्या मारल्या, मला त्याची अजिबात खंत नाही. जाताना तो हसलेला सोबती दारापाशी रेंगाळला आणि हळूच विचारू लागला, "ते गेंदाचं टोपडं... एक मिळंल का?"

दुसऱ्या दिवशी मिरवणूक शमीपूजेला जाते त्या बन्नीमंटपाच्या वाटेवर आम्ही सकाळपासून जागा धरून उभ्या होतो. दुपार कलल्यावर नौबती आल्या, उंट आले, बँड आला, मग रिसाला. अप्पा कडेच्या रांगेत होते, कुमाईत घोड्यावर, ताठ. आमच्यासमोर आले आणि वरच्या गच्चीतून कोणीतरी झेंडूची ओंजळ उधळली, ती नेमकी घोड्याच्या कानांवर पडली. घोडा दोन पाय उचलून तिरका झाला. आईने माझं मनगट असं आवळलं की तिची काकणं माझ्या हातात रुतली. अप्पांचा डावा हात थोडा पुढे गेला, थोडा मागे आला. घोड्याने मान खाली घेतली आणि पुन्हा चालीला लागला. अप्पांनी आमच्याकडे पाहिलं नाही, पण मिशी हलली, ती मी पाहिली. त्यांच्यामागून महाराजांच्या अंबारीचा हत्ती आला, लोकांनी हात जोडले, जयजयकार झाला. आईचं तोंड अजून रिसाला गेला त्याच दिशेला होतं.

घरी परतलो तर समोरच्या काकू दारातच उभ्या. गुडघ्यांमुळे त्यांना गर्दीत येता आलं नव्हतं, आणि दरवर्षीप्रमाणे सगळं बैजवार ऐकायचं होतं. "महाराजांचा पोशाख यंदा कुठल्या रंगाचा होता गे?" त्यांनी आईला विचारलं.

"मला काय ठाऊक," आई म्हणाली. "मी ह्यांच्या हाताकडं बघत होते."